बोलण्याने मन बरे होते काय?

पणजीस मांडवीच्या काठी, आदिलशहाचा वाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सचिवालयाच्या शेजारी, एक पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडून निद्रावश होत आहे. गोव्यात प्रथमच आलेला प्रवासी तो पाहून क्षणभर थबकतो. हा कोणी मांत्रिक असावा की काय, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेल्यावाचून राहत नाही. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ मध्ये तेथे उभारण्यात आला. तो आहे बार्देशातील कांदोळी गावी ३१ मे १७५६ रोजी जन्मलेल्या आणि युरोपच्या इतिहासात आबे फारिया या नावाने गाजलेल्या गोमंतकपुत्राचा.

या पुतळ्याचा आपणांस अभिमान वाटतो; परंतु त्या पाद्र्याने नेमके केले काय, हे विचारण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. ते विचारावे असे आज एक विशेष कारण आहे. घरातील एखादे माणूस हळूहळू खचत जाते. त्याची झोप उडते, अन्नाची चव जाते, सकाळी अंथरुणातून उठणेही त्याला डोंगराएवढे वाटू लागते. अशा वेळी घरात चार मते पडतात. एक म्हणतो, घाड्याला विचारा. दुसरा म्हणतो, डॉक्टरकडून गोळ्या आणा. तिसरा म्हणतो, त्याला कोणा जाणत्या माणसापाशी मन मोकळे करू द्या. आणि चौथा, जो बहुधा घरातील वडीलधारा असतो, तो म्हणतो, बोलून काय होणार? बोभाटा मात्र होईल. या चौथ्या माणसाचा प्रश्न उर्मट नाही. शब्दाने हाड सांधत नाही, मग शब्दाने मन कसे सांधावे? या प्रश्नाला भावनेने उत्तर देणे सोपे आहे. परंतु त्याचा निकाल अनुभवाच्या कसोटीवर लावण्याचा प्रयत्न गेली दोनशेहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्या प्रयत्नाचा एक धागा कांदोळीतून निघून पॅरिसला जातो व पुन्हा गोव्याला येऊन मिळतो. तो धागा उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

फारिया वडिलांसमवेत १७७१ मध्ये लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकले आणि १७८० मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान या तरुण पाद्र्याला मिळाला. समोर बसलेली थोरामोठ्यांची मांदियाळी पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा व्यासपीठाशेजारी असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ ते शब्द कानी पडताच मुलाची भीती पळाली आणि प्रवचन झडझडीत झाले. आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही हे खरे. परंतु एका माणसाने योग्य वेळी, योग्य भाषेत उच्चारलेले चार शब्द दुसऱ्या माणसाच्या मनाची गाठ कशी सोडवितात, हे ज्याला पुढे आयुष्यभर शोधावयाचे होते, त्याच्याविषयी लोकांनी नेमकी हीच गोष्ट जपून ठेवावी, यात औचित्य आहे.

फारिया पॅरिसमध्ये आले तेव्हा त्या नगरीत मेस्मर या वैद्याच्या नावाची चर्चा अद्याप ओसरली नव्हती. १७७८ मध्ये पॅरिसला आलेल्या मेस्मरचे म्हणणे असे की, साऱ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरून राहिला आहे. शरीरातील त्याचा प्रवाह अडला म्हणजे रोग होतो, आणि वैद्य आपल्या अंगच्या चुंबकशक्तीने तो प्रवाह पुन्हा वाहता करतो. लोखंडी सळया बसविलेल्या एका मोठ्या पिंपाभोवती रुग्ण बसत. मेस्मर हातवारे करी, रुग्णांना झटके येत, आणि कित्येकांना खरोखरच बरे वाटे. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने या प्रकाराच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. समितीने मोठ्या युक्तीने प्रयोग केले. डोळे बांधलेल्या रुग्णाला ‘आता तुझ्यावर प्रयोग चालू आहे’ असे खोटेच सांगितले की त्याला झटके येत. उलट, त्याला न कळविता खरोखर प्रयोग केला तर काहीच होत नसे. समितीने निर्णय दिला की द्रव वगैरे काही नाही. हा सारा कल्पनेचा खेळ आहे.

निर्णय अचूक होता. परंतु समिती जेथे थांबली तेथेच खरा प्रश्न उभा होता. नुसत्या कल्पनेने एखाद्याचे अंग थरथरत असेल आणि नुसत्या कल्पनेने त्याची वेदनाही शमत असेल, तर कल्पना ही क्षुल्लक गोष्ट कशी म्हणावी? तो प्रश्न फारियांनी उचलला. १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या क्लिशी मार्गावर आपले जाहीर वर्ग सुरू केले. तेथे पिंप नव्हते, सळया नव्हत्या, गूढ हातवारेही नव्हते. समोरच्या माणसास ते खुर्चीवर स्वस्थ बसवीत, डोळे मिटून चित्त एकाग्र करावयास सांगत, आणि मग शांत पण ठाम स्वरात म्हणत, ‘झोपा.’ त्यांचे प्रतिपादन असे होते की, या निद्रेचे कारण निद्रा आणणाऱ्याच्या अंगी नाही. ते निद्रिस्ताच्या स्वतःच्या ठायी आहे. उपचार करणारा कोणतीही शक्ती देत नाही. तो केवळ निमित्त होतो.

एखाद्या करामती पुरुषाने आपल्यापाशी करामत नाही असे स्वतःच जाहीर करावे, हे लोकांना मानवले नाही. चुंबकवादी त्यांच्यावर रुसले, धर्माधिकाऱ्यांना त्यांच्यात सैतानाचा वास आला, आणि १८१६ मध्ये तर पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडविणारे एक प्रहसनच आले. आपला सिद्धान्त मांडणारा ग्रंथ त्यांनी १८१९ मध्ये सिद्ध केला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पुढे अलेक्झांडर द्युमाने आपल्या प्रसिद्ध कादंबरीत त्यांच्या नावाचा एक कैदी रंगविला, आणि जगाला फारिया आठवले ते बहुतांशी त्या कल्पित कैद्याच्या रूपाने! फारियांचेही सर्वच खरे होते असे नाही. रक्त पातळ असलेल्यांनाच ही निद्रा लवकर लागते, ही त्यांची उपपत्ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु गुण येतो तो रुग्णाच्या मनातून, वैद्याच्या मंत्रातून नव्हे, हा त्यांचा मुख्य विचार टिकला. बोलण्याच्या उपचाराचा पुढील इतिहास म्हणजे हाच विचार वारंवार विसरण्याचा आणि वारंवार नव्याने शिकण्याचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फारियांच्या मागे काही दशकांनी फ्रान्समधीलच नान्सी या गावी लिएबो आणि बर्नहाइम या वैद्यांनी सूचनेच्या सामर्थ्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांची मते फारियांच्या मतांशी जवळची होती. १८८९ मध्ये व्हिएन्नाचा एक तरुण वैद्य त्यांच्याकडे शिकावयास आला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. फ्रॉइडच्या हाती तेव्हा आणखी एक सूत्र होते. त्याचा ज्येष्ठ मित्र ब्रॉयर याने १८८० ते १८८२ या काळात एका सुविद्य तरुणीवर उपचार केले होते. तिच्या हातापायांतील शक्ती जात असे, कधी वाचा जाई, कधी भास होत. आपल्या लक्षणांचा उगम कोठे झाला ते ती बोलून दाखवी आणि ते लक्षण तेवढ्यापुरते नाहीसे होई. ‘बोलण्याचा उपचार’ हा शब्दप्रयोग वैद्याचा नव्हे, त्या तरुणीचा आहे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील आपल्या ग्रंथात तिची हकीकत छापली आणि तेथून मनोविश्लेषणाची गंगा वाहू लागली.

परंतु येथेच इतिहासाने एक इशाराही देऊन ठेवला आहे. ग्रंथातील हकीकत वाचून कोणालाही वाटावे की ती तरुणी बरी होऊन घरी गेली. प्रत्यक्षात १८८२ मध्ये उपचार संपताच तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यगृहात ठेवावे लागले होते. बेर्ता पापेनहाइम हे तिचे खरे नाव पुढे जगाला कळले. कित्येक वर्षांनी ती सावरली, समाजकार्यात पडली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची एक मोठी संघटना स्थापन केली. तिच्या सावरण्याचे श्रेय कशाला द्यावे, काळाला, कार्याला की बोलण्याला, हे सांगता येत नाही. आणि हीच या विषयातील मूळ अडचण आहे. उपचारानंतर माणूस बरा झाला म्हणजे उपचारामुळे बरा झाला, असे सिद्ध होत नाही. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास गाठ पडते, तसेही असू शकते.

आपल्या देशात मनोविश्लेषण आणले ते कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी. १९२२ मध्ये त्यांनी तेथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि गुरूची सर्वच मते त्यांनी निमूट स्वीकारली नाहीत, हे त्यांना भूषणावह आहे. परंतु आठवड्यातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे चालणारा उपचार सामान्य भारतीयाच्या आवाक्याबाहेरचा होता. तो मोठ्या शहरांतील मोजक्या लोकांपुरताच राहिला. बाकीच्यांसाठी वेड्यांचे इस्पितळ किंवा देवऋषी हेच दोन दरवाजे होते.

त्याच काळात पोर्तुगालमध्ये घडलेली एक गोष्ट गोमंतकीय वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. लिस्बनचे विख्यात मज्जातंतुविशारद एगास मोनिझ यांनी १९२५ मध्ये आबे फारिया आणि संमोहनाचा इतिहास या विषयावर ग्रंथ लिहून या गोमंतकपुत्राला विस्मृतीतून बाहेर काढले. त्याच मोनिझ यांनी १९३५ मध्ये मेंदूच्या पुढील भागातील तंतू शस्त्राने तोडून मनोविकार घालविण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ मध्ये तिच्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या शस्त्रक्रियेने जगभर हजारो माणसांची कायमची हानी झाल्याचे दिसून आले आणि ती मागे पडली. शब्दाच्या सामर्थ्याचा चरित्रकार आणि शस्त्राचा प्रवर्तक एकच असावा, हा विरोधाभास खरा. परंतु त्यातून एवढे कळते की, त्या पिढीच्या विद्वानांनाही शब्दावर भिस्त ठेवण्याजोगा पुरावा हाती आल्यासारखा वाटत नव्हता.

पुराव्याचा प्रश्न रोखठोकपणे विचारला तो लंडनच्या हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने, १९५२ मध्ये. त्याने उपलब्ध आकडे एकत्र मांडले. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के सुधारले होते, मिश्र पद्धतीचे मानसोपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, आणि केवळ साध्या डॉक्टरच्या देखरेखीखाली राहिलेल्यांपैकी ७२ टक्के! म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण काही न करताही दोनेक वर्षांत सुधारतात, मग या उपचाराचा उपयोग काय, असा त्याचा सवाल होता. त्याच्या हिशोबात दोष होते. तुलना केलेले गट सारखे नव्हते आणि ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नव्हता. तथापि त्या आघाताने झोपी गेलेले शास्त्र जागे झाले. आपल्याला गुण येतो असे नुसते सांगून यापुढे भागणार नव्हते.

यानंतर दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे उपचार आटोपशीर झाले. जोसेफ वोल्पे याने भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत १९५८ मध्ये मांडली. अमेरिकेतील आल्बर्ट एलिस आणि आरोन बेक यांनी बालपण उकरीत बसण्याऐवजी माणूस आज स्वतःशी काय बोलतो, इकडे लक्ष वळविले. नैराश्यात बुडालेला माणूस ‘मी निरुपयोगी आहे, पुढे काहीच चांगले होणार नाही’ असे मनाशी घोकत असतो. त्या घोकण्याची सत्यता त्याच्याकडूनच तपासून घ्यावयाची, हे बेकच्या पद्धतीचे मर्म. महाराष्ट्रात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ठाण्यास स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने एलिसचा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजविला. दुसरी गोष्ट म्हणजे उपचारांची परीक्षा काटेकोर झाली. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करावयाची, एका गटाला उपचार द्यावयाचा, दुसऱ्याला नेहमीची देखभाल, आणि मग दोघांची तुलना करावयाची, ही औषधांच्या परीक्षेची रीत बोलण्याच्या उपचारालाही लावली गेली.

१९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी अशा ३७५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा होता की, उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी पंचाहत्तरांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो. आयझेंकच्या प्रश्नाला हे सणसणीत उत्तर होते. त्यानंतरच्या काळात हा आकडा खाली आला आहे. जे प्रयोग अधिक काळजीपूर्वक केले गेले त्यांत लाभ लहान दिसतो, आणि अपयशी प्रयोग छापलेच जात नाहीत, हेही उघडकीस आले आहे. परंतु लाभ लहान झाला तरी तो नाहीसा झाला नाही. नैराश्य आणि चिंतेचे विकार यांत बोलण्याच्या उपचाराने अनेकांना गुण येतो, आणि हा गुण काळाच्या ओघात आपोआप येणाऱ्या सुधारणेहून अधिक असतो, हे आज निश्चित झाले आहे.

येथे मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. कारण अर्धवट ज्ञानाने होणारे नुकसान अज्ञानाहून थोडे नसते. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र विकारात केवळ बोलण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. फिलिप मे याने कॅलिफोर्नियातील एका इस्पितळात २२८ रुग्णांवर केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधांनी गुण आला, नुसत्या मानसोपचाराने फारसा आला नाही. दुसरी मर्यादा अशी की, बोलण्याची जबरदस्ती अपाय करू शकते. भाजलेल्या रुग्णांना अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सारी हकीकत बोलावयास लावण्याचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला आणि १९९७ मध्ये त्याचे फलित छापले गेले. तेरा महिन्यांनंतर असे बोलावयास लावलेल्यांपैकी २६ टक्के लोक आघाताच्या विकाराने ग्रस्त होते, न लावलेल्यांपैकी केवळ ९ टक्के. जखमेवरची खपली केव्हा काढावी हे रोग्यालाच ठरवू द्यावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे, औषध आणि बोलणे यांत वैर नाही. दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरील एका अमेरिकन अभ्यासात, जो २००० मध्ये प्रसिद्ध झाला, केवळ औषधाने ४८ टक्के, केवळ मानसोपचाराने ४८ टक्के, आणि दोन्ही मिळून ७३ टक्के रुग्णांना गुण आला. गोळी की गोष्ट, असा वाद घालणाऱ्या घरांनी हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता धागा पुन्हा गोव्याला येतो. उपयोग सिद्ध झाला तरी एक प्रश्न उरतोच. उपचार करणार कोण? २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ थोडे, तेही शहरांत. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात स्थापन केलेल्या ‘संगत’ या संस्थेने या प्रश्नाला एक धाडसी उत्तर शोधले. मनोविज्ञानाची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवून हा उपचार त्यांच्याकडूनच करवून घेता येईल काय?

पहिली मोठी परीक्षा २४ दवाखान्यांत झाली. त्यांपैकी निम्मे सरकारी होते, निम्मे खाजगी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत अशा समुपदेशकांची मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले होते, न मिळालेल्यांपैकी ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. तेथे आकडे होते ६४.१ आणि ६५.९. हा दुसरा निष्कर्ष संस्थेने झाकून ठेवला नाही, हे महत्त्वाचे. त्यामागे एक संभाव्य कारण असे दिसते की, ओळखीच्या घरगुती डॉक्टरपाशी रुग्णाला आपले गाऱ्हाणे सांगावयास आधीच थोडी जागा मिळत असावी. सरकारी केंद्राच्या रांगेत ती मिळत नाही. असे असेल तर ज्याला कोणी ऐकणारे नाही, त्यालाच ऐकणाऱ्याचा सर्वांत मोठा लाभ होतो, असा त्याचा अर्थ.

दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. ती गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत झाली. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण तिच्यात घेतले होते. समुपदेशक रुग्णाला अर्ध्या ते पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठकींत भेटे. त्यात गूढ असे काही नव्हते. नैराश्य माणसाला हालचाल सोडावयास लावते, आणि हालचाल सुटली की नैराश्य वाढते. हे चक्र समजावून सांगावयाचे, आणि रुग्णाला एकेकाळी आवडणारी किंवा अर्थपूर्ण वाटणारी लहानलहान कामे पुन्हा अंगवळणी पाडावयास त्याच्याबरोबर राहून मदत करावयाची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. वर्षानंतरही फरक टिकला होता, जरी तो कमी झाला होता. म्हणजे ६३ आणि ४८ टक्के. दारूच्या आहारी गेलेल्या ३७७ पुरुषांवरील तशाच परीक्षेत अंतर लहान होते, ३६ आणि २६ टक्के. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे झालेल्या अभ्यासात, औषधांच्या जोडीला घरी जाऊन दिलेल्या आधाराने माफक सुधारणा दिसली. माफक हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. चमत्काराची भाषा मेस्मरची आहे. या नव्या कामाची भाषा तशी नाही.

आणि या कामाचे मूळ तत्त्व पाहिले तर ते फारियांच्या विचाराशी किती जुळते! शक्ती उपचारकाच्या अंगी नाही, ती रुग्णाच्या ठायी आहे, असे ते म्हणाले. शक्ती उपचारकाच्या अंगी असती, तर असामान्य पुरुषावाचून कोणालाच ते काम जमले नसते. ती तेथे नाही, म्हणूनच बार्देशातील वा सासष्टीतील साधी स्त्री शिकून-सवरून, देखरेखीखाली, ते करू शकते. फारियांचे ऐतिहासिक ऋण या प्रयोगकर्त्यांनी मान्य केले आहे असे मला म्हणावयाचे नाही. दोन्ही प्रवाह वेगळ्या मार्गांनी वाहत आले. परंतु पोहोचले ते एकाच ठिकाणी.

आणखी एक गोष्ट भाषेची. या प्रयोगांत बोलणे झाले ते कोकणीत, मराठीत, हिंदीत, म्हणजे रुग्णाच्या तोंडच्या भाषेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या समाजाने याचा विचार करावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांतील माणूस कचेरीत आणि बाजारात दुसरी भाषा सराईतपणे बोलतो. परंतु ‘जीव घाबरा होतो’, ‘मन कशात लागत नाही’, ‘आतून पोखरल्यासारखे वाटते’ हे त्याला घरच्याच शब्दांत सांगता येते. दरबारात वाचा बसलेल्या मुलाला वडिलांनी लॅटिनमध्ये धीर दिला नाही. ‘कातर रे भाजी’ म्हटले. आपल्या वस्त्यांतील मंडळांनी आणि वाचनालयांनी मराठी व कोकणी जाणणारे शिक्षित समुपदेशक मिळवून देण्याचे मनावर घेतले, तर ती मोठीच समाजसेवा होईल.

मग त्या चौथ्या माणसाला, ‘बोलून काय होणार’ म्हणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्याला, काय सांगावे? इतिहासाच्या आधाराने एवढे सांगता येते. नैराश्यात आणि चिंतेत, शिकलेल्या माणसाशी ठरावीक पद्धतीने, ठरावीक काळ केलेल्या बोलण्याने अनेकांना गुण येतो. सर्वांना येत नाही. गोव्यातील यशस्वी प्रयोगातही शंभरांपैकी छत्तीस जण तीन महिन्यांनी बरे झालेले नव्हते. त्यांच्यासाठी दुसरा उपाय शोधावा लागतो, त्यांना दोष द्यावयाचा नसतो. तीव्र विकारात औषध हवेच, आणि औषधाच्या जोडीला बोलणेही हवे. जो उपचारक ‘मी तुला बरा करीन’ म्हणून आपल्या सामर्थ्याच्या बढाया मारतो, त्याच्यापासून दूर राहावे, मग तो घाडी असो वा पदवीधर. आणि जेथे जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी येईल, तेथे विलंब न करता माणसाला एकटे न सोडता मदत आणावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तो विनामूल्य आहे आणि त्यावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

बोभाट्याच्या भीतीला मात्र इतिहासापाशी उत्तर नाही. ते आपणांसच द्यावयाचे आहे. पॅरिसने फारियांना हसून घालविले आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी पणजीने त्यांचा पुतळा उभारला. खचलेल्या माणसाला तेवढी वर्षे थांबता येत नाही. त्याला आज ऐकणारे कोणीतरी हवे असते.